ग्दान्स्कमध्ये सहा रात्रींसाठी अपार्टमेंट: भाग कोणता घ्यावा, जागा कशी तपासावी?

सुगरण

नमस्कार मंडळी,

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पोलंडमधल्या ग्दान्स्कला सहा रात्री राहायचं ठरतंय. आम्ही दोघं आणि सासूसासरे, असे चौघं. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे जिने शक्यतो नकोत. दोघंही ज्येष्ठ शाकाहारी आहेत, रोजचं एक जेवण तरी घरी व्हावं म्हणून हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली जागा शोधतोय.

अडचण अशी की प्रत्येक जाहिरातीत "जुन्या शहराच्या मधोमध" असंच लिहिलंय आणि फोटोतली प्रत्येक इमारत तीनशे वर्षांची दिसते. नेमका रस्ता कोणता निवडावा? लिफ्टची खात्री कशी करून घ्यावी? यजमान भेटत नाही, किल्ली पेटीतून घ्यायची, असं बऱ्याच ठिकाणी दिसतंय. त्यात काय काय अडतं? रविवारी दुकानं बंद असतात हे खरं का? आणि तिथल्या शेगडीवर आपला कुकर चालेल का?

---

होकायंत्र

आधी नावाचा घोळ मिटवू. नेपच्यूनचं कारंजं, द्वुगा रस्ता, द्वुगी तार्ग हा लांबट चौक, सेंट मेरीचं विटांचं अवाढव्य चर्च, हे सगळं ज्या भागात आहे तो म्हणजे ग्वुव्ने म्यास्तो, मुख्य शहर. पर्यटक त्यालाच जुनं शहर म्हणतात. स्तारे म्यास्तो, म्हणजे शब्दशः जुनं शहर, हा त्याच्या उत्तरेचा वेगळा भाग आहे, मोठी गिरणी आणि सेंट कॅथरीनचं चर्च आहे तिकडचा. दोन्ही पायी दहा मिनिटांच्या आत, त्यामुळे फसवणूक म्हणता येणार नाही. पण नकाशावर रस्त्याचं नाव बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

आता मुख्य गोष्ट. मार्च १९४५ मध्ये मुख्य शहर जवळजवळ सगळं जळलं, कोसळलं. युद्धानंतर, मुख्यतः १९५०च्या दशकात, ते पुन्हा उभं केलं गेलं ते कामगारांच्या राहण्याची वसाहत म्हणून. रस्त्याकडची तोंडं जुन्या चित्रांवरून, जुन्या फोटोंवरून हुबेहूब घडवली आणि आत त्या काळच्या बेताचे छोटे फ्लॅट काढले. त्यामुळे रस्त्यावरून तीन अरुंद घरं दिसतात आणि आत तिन्हींना मिळून एकच जिना असतो. पूर्वी मागच्या बाजूला दाटीनं उभी असलेली बांधकामं परत केलीच नाहीत, म्हणून आता घरांच्या पाठीमागे मोकळी, झाडांची अंगणं आहेत. जागा निवडताना हेच ध्यानात ठेवायचं: दर्शनी भाग बघून घराबद्दल काहीही कळत नाही. जिना कुठे, खिडक्या कुठल्या बाजूला, मजला कितवा, एवढं कळलं की जागा कळली.

लिफ्टचं म्हणाल तर या पुन्हा बांधलेल्या चार-पाच मजली इमारतींत ती सहसा नसतेच, आणि नंतर बसवायला जिन्यात जागाही नसते. जाहिरातीत लिफ्टचा उल्लेख नसेल तर नाही असंच समजा. यजमानाला "लिफ्ट आहे का" एवढंच विचारू नका. "रस्त्यावरून फ्लॅटच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या" असं विचारा, कारण काही इमारतींत लिफ्ट असूनही ती अर्धा जिना चढल्यावर सुरू होते. मजले आपल्यासारखेच मोजतात: पार्तेर म्हणजे तळमजला, त्यावरचा पहिला. पण तळमजला म्हणजे जमिनीच्या पातळीवर, असं गृहीत धरू नका. मार्यात्स्का रस्त्यावर घरांपुढे दगडी कठड्यांचे उंच ओटे आहेत, त्यांना प्शेद्प्रोझे म्हणतात. फोटोत ते फार देखणे दिसतात. मात्र दारापर्यंत जायला तो ओटा चढावाच लागतो, आणि पायऱ्या उंच, झिजलेल्या, पावसात निसरड्या. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसासाठी हा रस्ता बघायला ठेवा, राहायला नको.

तुमच्या गरजेला सर्वांत बरं पडेल ते धान्यकोठारांचं बेट, विस्पा स्पिख्शूव. मोत्वावा नदीच्या दोन शाखांमधलं हे बेट शतकानुशतकं कोठारांनी भरलेलं होतं. १९४५ नंतर कित्येक दशकं पडक्या भिंतीच उरल्या होत्या. आता त्या अवशेषांच्या आजूबाजूला नव्या इमारती आहेत: लिफ्ट, तळघरात पार्किंग, जाड काचेच्या खिडक्या. हिरवा पूल ओलांडला की द्वुगी तार्ग. मात्र तिथेही फ्लॅटची बाजू विचारा. नदीकडच्या फ्लॅटखाली उपाहारगृहं आहेत आणि जूनमध्ये ती रात्री उशिरापर्यंत बाहेर टेबलं मांडतात. ख्म्येल्ना रस्त्याच्या किंवा आतल्या चौकाच्या बाजूचा फ्लॅट घेतलात तर देखावा जातो, झोप मिळते. सहा रात्रींसाठी झोप घ्यावी असं माझं स्पष्ट मत.

मुख्य शहरातच हवं असेल तर ओगार्ना रस्ता पाहा. द्वुगाला समांतर, एक गल्ली दक्षिणेला, आणि मानानं शांत. पिव्ना आणि शेरोका हे खाण्यापिण्याचे रस्ते आहेत, तिथे अंगणाकडच्याच खिडक्या घ्या. जुन्या जहाजकारखान्याच्या आवारातल्या नव्या इमारतीही चांगल्या आहेत, फक्त एलेक्त्रिकूव रस्त्याच्या जवळ नको. उन्हाळ्यात तिथे रात्रभर संगीत चालतं.

समुद्रकिनारा जवळ हवा म्हणून येलित्कोवो किंवा ब्झेझ्नो घ्यावं का, असाही प्रश्न येतो. किनारा पायाशी येतो खरा, पण मुख्य शहरात यायला ट्रामनं अर्धा-पाऊण तास लागतो. ज्येष्ठ मंडळींना दुपारी तासभर घरी येऊन पडायचं असेल तर ते जमत नाही.

अजून दोन बारकावे, जूनचे खास. शहर ५४ अंश उत्तरेला आहे. जूनअखेर सूर्य सव्वाचारच्या सुमाराला उगवतो आणि रात्री साडेनऊच्या आसपास मावळतो, पूर्ण अंधार त्याहून उशिरा. पातळ पांढरे पडदे असलेल्या खोलीत पहाटे चारला उजाडतं. जाड पडदे किंवा गुंडाळी झडप आहे का, ते फोटोत बघा. दुसरं, पोद्दाशे असा शब्द दिसला तर ती छपराखालची खोली. तिरपं छत, एसी बहुधा नाही, ऊन पडलं की तापते. आणि छपरावर सीगल पक्ष्यांची घरटी असली तर उजाडण्याआधीपासून त्यांचा कलकलाट.

जागेचा आकार चौरस मीटरमध्ये देतात, त्याला पावणेअकरानं गुणा. ३५ चौरस मीटर म्हणजे जेमतेम ३७५ चौरस फूट. "चार जणांसाठी" असं लिहिलेल्या अशा जागेत एक पलंग आणि बैठकीत उलगडणारा सोफा असतो. तुम्हाला दार लागणाऱ्या दोन खोल्या हव्यात, म्हणजे पोलिश हिशेबात निदान तीन खोल्यांचा फ्लॅट. ते बैठकीची खोलीही मोजतात.

---

कडीकोयंडा

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी किल्ली आणि घरातल्या यंत्रांपुरतं लिहितो. पहिल्या संध्याकाळी माणसं अडकतात ती इथेच.

पत्ता वाचायला शिका. मुख्य शहरात तीन जुनी घरं एका जिन्यात आल्यामुळे इमारतीला जोडनंबर असतात. समजा ४१/४३/७ असं लिहिलंय: ४१/४३ ही इमारत आणि ७ हा फ्लॅट. नुसतं ४१/७ असेल तर इमारत ४१, फ्लॅट ७. काही जण फ्लॅटच्या आकड्याआधी म्येश्काने, म्हणजे घर, या शब्दाचं पहिलं अक्षर घालतात. पुढे क्लात्का ए, क्लात्का बी असं आलं तर ते जिन्याचं नाव. कित्येक जिन्यांचं दार अंगणाकडून असतं. रस्त्याकडचं सुंदर कोरीव दार दुकानाचं किंवा कायम बंद असू शकतं. यजमानाकडून दाराचा आणि किल्लीच्या पेटीचा फोटो आधीच मागवून फोनमध्ये उतरवून ठेवा, तिथे पोचल्यावर इंटरनेट मिळेलच असं नाही.

किल्लीची पेटी म्हणजे हाताच्या तळव्याएवढा लोखंडी डबा, पुष्कळदा अंगणातल्या रेलिंगला अडकवलेला. आकड्यांची चाकं जुळवा, मग खटका खाली ओढा. उघडत नसेल तर बहुतेक वेळा एखादं चाक अर्धवट फिरलेलं असतं. आकडे खुणेच्या रेषेवर अगदी सरळ आणा. किल्ल्या काढल्यावर डबा मिटा आणि आकडे विस्कटून ठेवा.

इमारतीच्या दारावर दोमोफोन, म्हणजे घंटा वाजवायचं आणि कोड घालायचं यंत्र, असतो. बहुतेक ठिकाणी क्रम असा: फ्लॅटचा नंबर, मग किल्लीचं चित्र असलेलं बटण, मग चार आकडी कोड. मधलं बटण विसरलात तर यंत्र त्या फ्लॅटची घंटा वाजवत बसतं. आकडे रेंगाळत दाबले तर मध्येच कोरं होतं, पुन्हा पहिल्यापासून. बझर वाजला की दोन-तीन सेकंदांत दार उघडा. दारावर चोंग्नोंच् असेल तर ओढायचं, पखाच् असेल तर ढकलायचं. हा दुसरा शब्द वाचून लोक नेमकं ओढत बसतात.

फ्लॅटच्या दाराला बाहेरून बऱ्याचदा न फिरणारी मूठ असते. दार मागे ओढलं गेलं की किल्लीशिवाय उघडत नाही. कचरा टाकायला जातानाही किल्ली खिशात हवी. आतून कुलपात किल्ली अडकवून ठेवू नका, काही कुलपांत मग बाहेरून दुसरी किल्ली चालत नाही.

आता खिडकी, कारण घाबरवते तीच. मूठ खाली म्हणजे बंद. आडवी म्हणजे झडप दारासारखी आत उघडते. वर म्हणजे झडप वरच्या बाजूनं आत कलते, वारा येतो, पाऊस येत नाही. झडप उघडी असतानाच मूठ वर फिरवली तर ती वरच्या कोपऱ्यातून सुटते आणि खालच्या एकाच बिजागरीवर लटकते. पडत नाही, पण जड असते आणि पडेल असं वाटतं. उपाय: दोघांनी मिळून बिजागरीच्या बाजूचा वरचा कोपरा हातानं चौकटीला दाबून धरायचा, मूठ वरच ठेवून झडप सगळीकडून चौकटीला टेकवायची, मग मूठ आडवी आणि शेवटी खाली. जोर लावून मूठ फिरवली की आतली पट्टी वाकते आणि अनामत रकमेतून पैसे जातात. नेहमीसाठी नियम सोपा: मूठ फिरवायची ती झडप पूर्ण मिटलेली असतानाच.

गरम पाणी शहराच्या वाहिनीतून येत असेल तर काळजी नाही. न्हाणीघरात पांढरी टाकी दिसली तर तो विजेचा बॉयलर. ८० लिटरच्या टाकीत दोघा-तिघांच्या आंघोळी होतात. २ किलोवॅटच्या कॉइलला ती थंडापासून पुन्हा तापवायला दोन तास लागतात, तेव्हा चौघांनी लागोपाठ जाऊ नये. भिंतीवर गॅसचा गीझर असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा सूचक बसवलाय का ते पहिल्या दिवशीच बघा. तिथे या वायूला चाद म्हणतात. भिंतीत वर असलेली हवेची जाळी थंडी वाजते म्हणून कधीही बुजवू नका, गीझरला हवा लागते ती तिथूनच खेळती राहते.

वीज गेली तर बहुधा तुमच्याच घरातली. प्लगच्या एका सर्किटवर सहसा १६ अँपिअरचा खटका असतो, म्हणजे साधारण ३.७ किलोवॅट. किटली, इस्त्री आणि पाणी तापवत असलेलं वॉशिंग मशीन हे तिघं मिळून ६ किलोवॅटला जातात. मुख्य दाराजवळच्या पेटीत खाली पडलेला खटका शोधा, एखादं यंत्र काढा, मग वर करा. भिंतीतल्या प्लगमध्ये अर्थिंगची एक पिन बाहेर आलेली असते. आपल्या फोन चार्जरच्या बारीक गोल पिना थेट बसतात, तीन पिनांचं काही बसत नाही. त्यासाठी अडॅप्टर घ्या.

रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ, चिशा नोत्स्ना. शेजारी कायमचे राहणारे असतात आणि पाहुण्यांच्या आवाजाला वैतागलेले असतात. तक्रार झाली तर पोलीस येतात, दंडही होतो. दगडी फरसबंदीवर बॅगेची चाकं किती वाजतात ते उशिरा पोचणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. अंगणात बॅग उचलून न्यावी.

---

मोहरी

स्वयंपाकघराचं मी सांगते.

काळी सपाट काच दिसली म्हणजे इंडक्शनच, असं नाही. तशीच दिसणारी, आत तापणाऱ्या तारेची सिरॅमिक शेगडीही असते. चालू केल्यावर काचेखाली लाल दिसलं तर सिरॅमिक, त्यावर सपाट बुडाचं कुठलंही भांडं चालतं. इंडक्शनवर साधा अॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही, कारण शेगडीचं चुंबकीय क्षेत्र लोखंडी बुडातच उष्णता निर्माण करतं. घरून कुकर नेणार असाल तर बुडाला फ्रिजचं चुंबक लावून बघा. घट्ट चिकटलं तर न्या, नाहीतर ओझं. काचेवर एल दिसला आणि बटणं दाद देईनात तर लहान मुलांसाठीचं कुलूप लागलंय, कुलपाचं चित्र तीन-चार सेकंद दाबून धरा. एच दिसतोय तोवर काच गरम आहे, हात लावू नका. ओला हात किंवा बटणांवर सांडलेलं पाणी यानंही शेगडी आपोआप बंद पडते. पुसलं की चालू.

वरचा धूर ओढणारा पंखा पुष्कळ फ्लॅटमध्ये हवा बाहेर टाकत नाही, कोळशाच्या गाळणीतून फिरवून परत खोलीतच सोडतो. फोडणी मंद आचेवर करा, खिडकी कलती ठेवा, झोपायच्या खोलीचं दार लावून घ्या. हळदीचा डाग पांढऱ्या ओट्यावर पडला तर लगेच पुसा, रात्रभर राहिला तर जात नाही.

दुकानांबद्दल. हो, रविवारी ब्येद्रोन्का, लिडल यांसारखी मोठी दुकानं बंद असतात. हा कायदा २०१८ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाला. वर्षातले मोजकेच रविवार अपवाद असतात आणि जूनचा शेवटचा रविवार त्यातला एक, तो तुमच्या मुक्कामात आला तर उत्तमच. एरवी रविवारी झाब्का ही हिरव्या पाटीची छोटी दुकानं बहुधा उघडी असतात, शिवाय औषधाची दुकानं, पेट्रोलपंप आणि स्टेशनातली दुकानं. झाब्कामध्ये दूध, पाव, अंडी, केळी मिळतील. डाळ-भाजी मिळेल असं धरू नका. शनिवारी दुपारी सामान भरून ठेवा, संध्याकाळी रांगा लागतात. बोझे च्यावो हा धार्मिक सणही पाहून घ्या: तो दर वर्षी वेगळ्या तारखेला, पण गुरुवारीच येतो, मेच्या उत्तरार्धापासून जूनच्या चौथ्या आठवड्यापर्यंत कधीही, आणि त्या दिवशीही मोठी दुकानं बंद.

भाजीसाठी हाला तार्गोवा, म्हणजे १८९६ चा मंडईचा विटांचा मोठा हॉल, आणि त्याच्या शेजारचे भाजीवाले. जूनमध्ये स्ट्रॉबेरी, कोवळे बटाटे, शेपूची जुडी हे ताजं आणि स्वस्त. शेपू तिथे इतका वापरतात की उकडलेल्या बटाट्यावरही असतो.

पाकिटावरची नावं ओळखता आली की अर्धं काम होतं. चेर्वोना सोचेवित्सा म्हणजे लाल मसूर डाळ. चेचेझित्सा म्हणजे काबुली चणे. काशा मान्ना म्हणजे रवा. माश्लान्का म्हणजे ताक आणि जोगुर्त नातुराल्नी म्हणजे गोडी न घातलेलं दही. त्वारुग हा ओल्या पनीरसारखा, जरा आंबूस; भाजीत विरघळून जातो, तुकडे राहत नाहीत. पीठ घेताना तिप या शब्दापुढचा आकडा वाचा. ४५० म्हणजे अगदी पांढरा मैदा, २००० म्हणजे कोंड्यासकट गव्हाचं पीठ. पोळीला ५०० आणि १८५० किंवा २००० अर्धं-अर्धं मिसळा. नुसत्या २००० ची पोळी कडेनं फाटते.

कपडे धुण्याच्या कप्प्यापुढे उभं राहिल्यावर एक चूक हमखास होते. प्विन दो प्रान्या म्हणजे कपडे धुण्याचं द्रव. प्विन दो प्वुकान्या म्हणजे कपडे मऊ करायचं सुगंधी पाणी, त्यानं मळ निघत नाही. बाटल्या अगदी सारख्या दिसतात. आणि नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्यांवर पैसे घालवू नका. घेतलीतच तर बाटलीवर ठेवीची खूण बघा: ऑक्टोबर २०२५ पासून प्लास्टिकच्या बाटल्या आणि पेयांच्या डब्यांवर ५० ग्रोश, म्हणजे अर्धा झ्लॉटी, जास्त घेतात आणि रिकामी परत दिली की मोठ्या दुकानात ते मिळतात. पावती लागत नाही, पण बाटली चेपलेली नको आणि लेबल शाबूत हवं.

कचऱ्याचे पाच भाग: निळ्यात कागद, पिवळ्यात प्लास्टिक आणि धातू, हिरव्यात काच, तपकिरीत ओला कचरा, काळ्यात उरलेलं. कचऱ्याची खोली अंगणात असते आणि बऱ्याचदा कुलपात. जुडग्यातली जी किल्ली कशालाच लागत नाही ती तिची.

बाहेर खाताना शाकाहारी मंडळींसाठी एक इशारा. जेवणाआधी पावाबरोबर वाटीत पांढरं, लोण्यासारखं काही आलं तर ते स्मालेत्स, डुकराची चरबी. बटाटा आणि त्वारुग भरलेले रुस्क्ये प्येरोगी आतून शाकाहारी, पण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले कण पेरून आणतात. मागवतानाच "बेज़ स्क्वारेक" म्हणा. सूप भाज्यांचं दिसलं तरी रस्सा सहसा मांसाचा असतो.

---

सुगरण

इतक्या तपशिलात लिहिलंत, मनापासून आभार. विस्पा स्पिख्शूववरचा, अंगणाकडे तोंड असलेला, दोन झोपायच्या खोल्यांचा फ्लॅट बघून ठेवलाय. लिफ्ट तळमजल्यापासून आहे आणि रस्त्यावरून एकही पायरी नाही, असं यजमानानं लिहून दिलंय.

दोनच शंका. विमानतळावरून चार बॅगा घेऊन कसं यावं? आणि नदीवर उघडझाप होणारे पूल आहेत असं वाचलं, त्यामुळे अडकायला होतं का?

---

रूळ

विमानतळ शहराच्या पश्चिमेला टेकडीवर आहे. बस क्रमांक २१० थेट मुख्य स्टेशन आणि पुढे ब्रामा विझिन्ना या वेशीजवळच्या थांब्याला येते. स्टेशनावर उतरू नका, तुम्हाला पुढचा थांबाच सोयीचा. तिथून बेटापर्यंत पाऊण-एक किलोमीटर, पण फरसबंदीवरून. रेल्वेही आहे: टर्मिनलमधूनच पादचारी पुलानं फलाटावर जाता येतं, २०१५ मध्ये सुरू झालेला हा मार्ग. काही गाड्या ग्दान्स्क ग्वुव्नी या मुख्य स्टेशनापर्यंत थेट जातात, बाकीच्यांना व्झेश्च स्टेशनात बदलावं लागतं, आणि तिथे बॅगा घेऊन फलाट बदलणं ज्येष्ठांना जड जाईल. चार माणसं, चार बॅगा आणि दुखरे गुडघे असतील तर ॲपवरून मोठी टॅक्सी बोलवा, स्टेशन वॅगन किंवा सहा आसनी. ऐतिहासिक भागात गाड्यांना बंधनं आहेत, म्हणून चालकाला मुख्य शहराचा नव्हे, ख्म्येल्ना रस्त्याचा पत्ता द्या. तिथे गाडी दारापर्यंत येते.

शहरात फिरताना कागदी तिकीट घेतलंत तर ते यंत्रात घालून छाप उमटवल्याशिवाय वैध नसतं. हातात तिकीट असूनही दंड होतो तो यामुळेच. ट्राम-बसचं तिकीट उपनगरी रेल्वेला चालत नाही, ही दुसरी नेहमीची चूक. शेजारच्या सोपोत, ग्दिनियाला जायला एसकाएम या निळ्या-पिवळ्या उपनगरी गाड्या धरा. त्यांचं तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं.

पुलांचं असं. हिरवा पूल कायम खुला, त्यामुळे बेटावरून द्वुगी तार्गला जायला कधीच अडत नाही. ओवोव्यान्का बेटाकडचा पादचारी पूल वर उचलला जातो आणि श्व्येन्तेगो दुखा रस्त्यासमोरचा फिरून बाजूला होतो. हंगामात होड्यांसाठी दर तासाला ठरावीक वेळ ते बंद असतात. वेळा पुलाच्या तोंडाशी पाटीवर लिहिलेल्या असतात, पहिल्या दिवशी फोटो काढून ठेवा. पूल वर असेल तर हिरव्या पुलावरून वळसा पडतो. संगीत सभेला ओवोव्यान्कावर जाणार असाल तर तेवढी वीस मिनिटं हाताशी ठेवा.

---

होकायंत्र

जागा चांगली निवडलीत. पैसे भरण्याआधी एवढं बघा. व्हिसाचा निकाल येईपर्यंत विनाशुल्क रद्द करता येणारं बुकिंगच ठेवा, आणि कागदावर चौघांचीही पासपोर्टप्रमाणे नावं, पूर्ण पत्ता आणि तारखा असू द्या. फक्त एकाचं नाव असलं तर बाकीच्यांच्या अर्जात राहण्याचा पुरावा अपुरा ठरतो.

बुकिंगनंतर "कार्डाची पुन्हा खात्री करा, नाहीतर आरक्षण रद्द" असा संदेश दुव्यासकट आला तर दुवा उघडू नका, तो अगदी यजमानाच्या नावानं आला तरी. ज्या ॲपवरून जागा घेतली ते स्वतः उघडून तिथे रक्कम बाकी दिसते का ते पाहा. अनामत रक्कम रोख मागितली तर पावती घ्या, आणि आत शिरल्या शिरल्या प्रत्येक खोलीचा, शेगडीच्या काचेचा, खिडक्यांच्या मुठींचा एक सलग व्हिडिओ काढून ठेवा.

चलन झ्लॉटी, युरो नाही. एटीएम किंवा दुकानातलं यंत्र "तुमच्या चलनात पैसे कापू का" विचारेल, तेव्हा झ्लॉटीच निवडा. दुसऱ्या पर्यायात त्यांचा दर लागतो आणि तो महाग असतो.

तारखा जुलैअखेरीकडे सरकवण्याचा विचार आला तर करू नका. सेंट डॉमिनिकची जत्रा, १२६० पासूनची, जुलैच्या शेवटी सुरू होऊन ऑगस्टच्या मध्यापर्यंत तीन आठवडे चालते. जत्रा पाहण्यासारखी आहे, पण भाडी चढतात, आणि मुख्य शहराच्या रस्त्यांवर इतकी दाटी होते की गुडघे दुखणाऱ्या माणसाला टेकायला जागा मिळत नाही.

आणि उपाहारगृहात स्वच्छतागृहाच्या दारावर नुसतं वर्तुळ किंवा त्रिकोण असेल: वर्तुळ बायकांचं, त्रिकोण पुरुषांचा. सासूसासऱ्यांना आधीच सांगून ठेवा.